दवाखान्याची चढती पाटी

डॉक्टर, तुमच्या नव्या दवाखान्याची पाटी वाकडी झाली, आणि ती तुम्हीच वाकडी केलीत! ब्रश पेंटरच्या हातात होता म्हणून गुन्हेगार तो ठरत नाही.

अहो, या पेंटरने जन्मात कधी दोरी ताणून ओळ आखली नाही! शिडीवर चढायचा, एक डोळा मिटायचा आणि सुरू! ओळ अशी सरळ, की तिच्यावर थेंब ठेवला तर इकडे ना तिकडे. कुणी दोरी पुढे केलीच तर म्हणायचा, "काठी आंधळ्याला द्या!"

दुखणं एकच. डोकं. तुम्ही गोळ्या लिहून दिल्यात, म्हणालात, "दुखलं की घ्या." याने घेतली. तिचा असर उतरला, पुन्हा दुखलं, पुन्हा घेतली. खिशातली गोळ्यांची डबी अशी खुळखुळायची, की गल्ली त्याला आवाजावरून ओळखायची.

आणि तुमच्याच पाटीचं काम त्याच्याकडे आलं. थेट भिंतीवर, भर चौकात! इथे हात चुकला तर पुन्हा ब्रश धरायला तोंड राहणार नव्हतं. पण चुकतो कशाला? छाती फुगवून तो चढला. बायकोने शिडी धरली.

अर्ध्यावर ती ओरडली, "अहो, अक्षरं डोंगर चढायला लागली!"

"अगं, भिंत कललीय. मी सावरून घेतोय!"

"नवी कोरी भिंत कशी कलेल?"

"बोलव ही भिंत बांधणाऱ्या गवंड्याला!"

गवंडी आला. त्याने ओळंबा सोडला. भिंत सरळसोट!

"तुझा ओळंबा वाकडा आहे!" पेंटर वरून गरजला.

"अरे बाबा, वजन बांधलेली दोरी ती! वाकडी कशी होईल?"

"मग जमीन वाकडी!"

एव्हाना अख्खा चौक मान तिरकी करून पाटी वाचत होता. गलका ऐकून तुम्ही बाहेर आलात.

"गोळ्या किती घेता हो?"

"दुखलं की."

"आणि दुखतं कधी?"

"गोळी उतरली की."

तुम्ही कपाळावर हात मारलात. "अहो, गोळ्यांनीच गरगरतंय तुम्हाला! आणि इतक्या घेतल्यात की आता डोकंही त्यांच्यामुळेच दुखतंय!"

"म्हणजे आग विझवायला आम्ही रॉकेलच ओतत होतो?" बायको म्हणाली.

"गोळ्यांच्या पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं सगळं," तुम्ही पुटपुटलात.

छापलेलं? ते वाचायला मुंगीलाही चष्मा लागेल! पेंटरने असली अक्षरं काढली असती तर लोकांनी त्याला शिडीसकट फेकला असता!

"जाऊ द्या, पुसून टाका आणि उतरा खाली," तुम्ही म्हणालात.

पुसायचं? त्याने आजवर एक अक्षर पुसलं नव्हतं. त्याने ब्रश बुडवला आणि तुमच्या नावाखाली ठसठशीत लिहिलं: 'ही पाटी याच डॉक्टरांच्या गोळ्या खाऊन रंगवली आहे.' तीही ओळ डोंगर चढली. पण ताठ मानेने चढली!

मग बायकोच्या खांद्याचा आधार घेत तो खाली उतरला आणि तुमच्यासमोर उभा राहिला.

"बोला डॉक्टर, यातली खोटी ओळ कुठली? तेवढीच पुसतो!"

तो अजून तिथेच उभा आहे. रंग वाळायच्या आत उत्तर द्या!