कवडूभाऊंचे पांढरूभाऊ

कवडूभाऊ चवड्यांवर उभे राहून दात घासत. गडचिरोलीच्या लाकूड डेपोची विहीर माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसायची. रोज सकाळी तिथे पन्नाशीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, तोंडात कडुनिंबाची काडी धरून, टाचा उचलून उभा असायचा. मी खिडकीत दिसलो की काडी काढून ओरडायचा, "गुरुजी, मोजा जी!" मी मोजू लागायचो. साठाच्या पुढे पोटऱ्या थरथरायच्या आणि सत्तरीच्या आसपास टाचा जमिनीला टेकायच्या. मग कवडूभाऊ विहिरीच्या ओल्या दगडांना शिव्या घालून तोंड धुवायला बसायचे.

हे सगळं एका रशियन बाईपायी चाललं होतं. ती बाई आहे हे मात्र कवडूभाऊंना मान्य नव्हतं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत. मी नागपूरहून इथल्या शाळेत मास्तर होऊन आलो होतो आणि गावात इंग्रजी वाचणारी माणसं कमी म्हणून वाचनालयाचा चिटणीसही झालो होतो. कवडूभाऊ डेपोत ओंडक्यांवर सरकारी हातोड्याचा ठसा मारायचे. दिवसभर ठाण ठाण. पण त्याआधी वीस वर्षं त्यांनी दंडारीत बाईचं काम केलं होतं. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाचगाण्याचा खेळ. दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, माहेरवाशिणी येतात, पाहुणे येतात, आणि मंडईला दंडार हवीच. तिच्यातली बाई पुरुषच व्हायचा. दुसरं काही असू शकतं असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

एका रविवारी वाचनालयात एक इंग्रजी सचित्र साप्ताहिक आलं, नेहमीप्रमाणे महिना-दीड महिना शिळं. त्यात एका रशियन नृत्यमंडळीने लंडन कसं गाजवलं याची दोन पानं होती. एका पानभर चित्रात पांढऱ्या झग्यातली नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी. कवडूभाऊ इतका वेळ चित्राकडे बघत राहिले की मला वाटलं त्यांना झोप लागली.

"कोन हाये हा?" त्यांनी विचारलं.

"हा नाही, ही. बाई आहे, कवडूभाऊ."

ते हसले. "गुरुजी, तुमी नागपूरचे, तुमाले काय समजते? बाईची पोटरी असी असते का? अन् हे मान पाहा, हे हात पाहा. एवढी नजाकत बाईले काऊन येईन? तिले बाई कराची गरजच नाई पडत. हे मर्दाचंच काम हाये."

या युक्तिवादाला काय उत्तर द्यायचं ते मला आजही ठाऊक नाही. तेव्हा मी विषय बदलायला म्हणालो, की चित्रातल्या व्यक्तीची चाळिशी उलटली आहे आणि खेळात काम आहे कोवळ्या पोरीचं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, पडदा पुन्हा पुन्हा उघडायला लावला.

कवडूभाऊ बाकावर बसलेच. "चाळीस उलटले? अन् पोरगी करून राह्यला? अन् कोनी हासलं नाई?"

"नाही."

त्या दिवसापासून त्या नर्तकीचं नाव पडलं पांढरूभाऊ. खरं नाव कवडूभाऊंच्या जिभेवर बसेना आणि माझ्याही नीट बसत नव्हतं.

दर रविवारी आमची बैठक भरू लागली. तिसरे सभासद होते दवाखान्यातले विठोबाजी कंपौंडर. त्यांनी मंडळीतला उड्या मारणारा नर्तक आपला मानला होता. चित्रात तो जमिनीपासून चांगला कमरेइतका वर होता आणि खाली यायची त्याला घाई दिसत नव्हती.

"उडी पाहा," विठोबाजी म्हणायचे. "खरा गडी हा हाये."

"उडी तं बेंडूकबी मारते," कवडूभाऊ म्हणायचे. "उभं राहून दाखवावं म्हना."

यावरून दोघं एकदा आठ दिवस बोलत नव्हते. लंडनला दोघांच्या भांडणाची खबर नव्हती एवढंच. मंडळी तिथून पुढे कुठे गेली, तिथली जमीन कशी होती, थंडीत घुंगरांशिवाय ताल कसा धरत असतील, सगळ्याचा इथे बसून निकाल लागायचा. नर्तकीच्या बुटात पुढे काहीतरी कडक घातलेलं असतं असं मी वाचून दाखवलं, तेव्हा कवडूभाऊंनी क्षणात निदान केलं. "सागवान नसंल. जड होते. शिवन असंल." मग त्यांनी सुताराकडून शिवणीच्या हलक्या लाकडाचे दोन ठोकळे करवून घेतले, कॅनव्हासच्या बुटात कोंबले आणि दुपारच्या सुट्टीत एका ओंडक्याला धरून उभे राहिले. नेमके रेंजरसाहेब तपासणीला आले. सलाम करायला कवडूभाऊंनी ओंडक्यावरचा हात काढला आणि साहेबांच्या पायाशीच आडवे झाले. साहेबांना हा फारच अदबीचा माणूस वाटला.

पावसाळा सरताना एकदा ते एकटेच माझ्या खोलीवर आले. दंडार का सोडली हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. आरमोरीकडच्या गावात थोरल्या भावाबरोबर राहायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. भावाच्या मुलीची सोयरीक ठरत होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसून म्हणालं, पोरीचा काका या वयात लुगडं नेसून नाचतो म्हणे. रात्री जेवताना भाऊ एवढंच म्हणाला, "आता पुरे कर कवडू." कवडूभाऊंनी पायातले चाळ पेटीत ठेवले, लुगडं वहिनीच्या हवाली केलं आणि सकाळी गाव सोडलं. त्याला सहा वर्षं झाली होती. पुतणीच्या लग्नालाही ते गेले नव्हते.

"दादाले पत्र लिवा, गुरुजी. म्हना, विलायतेत चाळीस उलटलेला गडी पोरगी करते अन् मोठमोठे लोक उभे राहतेत. त्याले लाज नाई तं आपल्याले काऊन? औंदाच्या मंडईले एक डाव नाचू द्या म्हना. मंग मरेपावतर मांगत नाई."

ती बाईच आहे हे इथे मी ठासून सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोरचा माणूस सहा वर्षांनी घरी जायची वाट शोधत होता, आणि मी कोण लागून गेलो ती बंद करणारा? मी पत्र लिहिलं. ते म्हणाले, "चित्रबी धाडा, नाईतं त्याले खरं नाई वाटनार." वाचनालयात 'पाने फाडू नयेत' अशी पाटी होती, माझ्याच अक्षरातली. तिच्याखाली उभा राहून मी ते पान फाडलं.

दोन आठवड्यांनी भावाचं उत्तर आलं. त्यात एकच ओळ होती: "मंडईले ये." कवडूभाऊ दुसऱ्या दिवशी विहिरीवर नव्वदपर्यंत टिकले.

आणि मग विठोबाजींनी घोळ घातला. जिल्ह्याच्या गावी, चांद्याच्या टॉकीजमध्ये सिनेमाआधी जो बातम्यांचा पट दाखवतात, त्यात रशियन मंडळींचा नाच आहे, अशी बातमी ते घेऊन आले. मी रस्ता खराब आहे म्हणालो, नदीला पाणी आहे म्हणालो, मला कणकण आहे म्हणालो. कुणी ऐकलं नाही. डोंग्यातून वैनगंगा ओलांडून, पलीकडून बस धरून आम्ही तिघे दुपारच्या खेळाला पोचलो. कवडूभाऊंनी धुतलेली टोपी घातली होती.

धरणाचं उद्घाटन झालं, कुठलासा पूर ओसरला, आणि पडद्यावर पांढरूभाऊ आले.

जेमतेम दोन मिनिटं. आधी लांबून, वाऱ्यावर कापूस सरकावा तसे. कवडूभाऊंनी माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. मग कॅमेरा जवळ गेला. ती फुलं घेत होती, दमली होती, हसत होती. गळ्याजवळ श्वास वरखाली होत होता. निवेदक हिंदीत काय बोलला ते ऐकायची गरजच राहिली नाही. माझ्या मनगटावरची पकड सैल झाली.

पुढचा सिनेमा कोणता होता ते तिघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं. बसमध्ये विठोबाजींनी आपल्या उडीवाल्याचं कौतुक सुरू केलं, पण कवडूभाऊंचा चेहरा पाहून तेही थांबले. डोंग्यात बसल्यावर कवडूभाऊ पाण्याकडे पाहत म्हणाले, "बाईच हाये."

"हो."

"तुमाले मालूम होतं."

"हो, कवडूभाऊ. चुकलं माझं."

त्यांनी धुतलेली टोपी काढून तिची मांडीवर घडी केली. मग ते म्हणाले, "बाई असून किती चांगली बाई करते, गुरुजी!" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटत होतं. मला हसू आलं. पण नदीचा काठ जवळ आल्यावर ते हळूच म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखा तिकडे कोनीच नाई म्हना," आणि माझं हसू गेलं. एवढे दिवस तो धडधाकट माणूस समुद्रापलीकडच्या एका सोबत्याच्या भरवशावर चवड्यांवर उभा होता, आणि तो सोबती मीच त्याला मिळू दिला होता. मला माझी फार शरम वाटली.

दुसऱ्याच दिवशी ते पोस्टकार्ड घेऊन आले. "लिवा. दादाले दंडवत. मांगच्या पत्रात लिवलं ते चूक हाये. तो गडी नाई, बाई हाये. आपल्या डोळ्यानं पाहून आलो. खोटं बोलून मी चाळ बांधनार नाई. तू आता नोको येऊ म्हनलास तरी रागावत नाई."

"चूक माझी आहे, असं लिहू का?" मी विचारलं.

"तुमचं काय हाये त्यात?" ते म्हणाले. "पोटरी मी पाह्यली होती."

त्यानंतर ते दात घासायला विहिरीवर येत, पण टाचा टेकून. मला मोजायलाही सांगत नसत. सकाळी खिडकीत जायचं मी टाळू लागलो.

मंडईला चार दिवस राहिले होते तेव्हा उत्तर आलं. गावातल्या कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, मोठ्या वाकड्या अक्षरांत. मी ते डेपोत नेऊन मोठ्याने वाचलं. "ते बाई हाये हे तुह्या वयनीनं चित्र आलं त्याच दिवशी वळखलं. तरी ये म्हनलं होतं. लुगडं धुवून ठेवलं हाये."

कवडूभाऊंनी हातोडा खाली ठेवला. "मधलं पुन्यांदा वाचा जी," ते म्हणाले. मी मधली ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा.

मंडईच्या दिवशी विठोबाजी आणि मी त्यांच्या गावी गेलो. ऊन कलत होतं. बाहेर ढोलकी तापवत होते. घरात वहिनी त्यांच्या निऱ्या सारख्या करत होती आणि थोरला भाऊ खाली बसून, मान वर न करता, त्यांच्या पायात चाळ बांधत होता. देवांच्या तसबिरींशेजारी खळीने चिकटवलेलं आमच्या वाचनालयाचं पान होतं. चाळ बांधून झाले. कवडूभाऊंनी देवांना हात जोडले, मग त्या चित्रासमोर उभे राहिले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, "येतो जी, पांढरूबाई."