पंधरावं प्रकरण

भाजीवाल्या भैय्याजींची बायको मंदाबाई जाऊन वीस दिवस झाले, त्या दिवशी वाचनालयाचं पुस्तक हरवल्याचं कळलं. भैय्याजींनी सिंदीतलं घर उलथंपालथं केलं. पुस्तक नाही.

रोज दुपारी भैय्याजी पालकाच्या जुड्या बांधायचे आणि मंदाबाई ती जुनी कादंबरी मोठ्याने वाचायच्या. भैय्याजींना स्वतःला धड वाचता येत नव्हतं. चौदाव्या प्रकरणाच्या शेवटी नायिका विहिरीच्या काठावर उभी होती. मंदाबाई पुस्तक मिटून म्हणाल्या, "बाकीचं उद्या." दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या.

"मले फक्त येवढं पाह्यजे, ते विहिरीवरची पोरगी वाचते का नाई," भैय्याजी फोनवर म्हणाले.

"बाबा, शंभर वर्षं जुनी कादंबरी हाय. फुकट ऐकाले भेटते," बोरगाव मेघेहून लेक रुचिका म्हणाली. "डाउनलोडचं बटन दाबजा."

बटणं सहा निघाली. एकावर अन्याय नको म्हणून भैय्याजींनी सगळी दाबली. टकलावर केस उगवायचा उपाय आला, गरोदर बायांचा आहार आला, आणखी तीन भानगडी आल्या. सहाव्यातून कादंबरी आली.

सकाळी गाडी घेऊन ते गल्लीत शिरले. "वांगे घ्या, पालक घ्या" वाजवायला फोन भोंग्याला जोडलेलाच असे. बोट लागलं आणि भोंग्यातून एक बाई म्हणाली, "प्रकरण पहिले. सासू म्हणाली..."

भैय्याजींनी घाबरून बंद केलं.

"बंद काऊन केलं?" ओट्यावरून गल्लीतली शालू ओरडली. "सासू काय म्हणते ते आयकू द्या न!"

"पालक घेतं काय?"

"आयकून घेतो मंग."

चौथ्या दिवशी गाडीभोवती वीस बाया शेंगा सोलत बसल्या होत्या. शेंगा दुसऱ्या भाजीवाल्याच्या, नत्थूच्या गाडीवरच्या. भैय्याजींचा पालक सुकत होता, पण गोष्ट पुढे सरकत होती. आठव्या दिवशी चौदावं प्रकरण संपलं. नायिका विहिरीवर उभी. शेंगा सोलायच्या थांबल्या.

तेवढ्यात सायकलवरून मोतीलाल महाराज आले. मंदाबाईंचं तेरावं त्यांनीच केलं होतं.

"अरे, हे तर मी वाचली! पुढं ते पोरगी..."

"महाराज!" भैय्याजींनी फुलकोबी त्यांच्या तोंडासमोर धरली. "तुमाले कुठं भेटली?"

"तेराव्याले गादी-उशी दानात देल्ली न तुमी? उशीच्या खोळीत होती. मले वाटलं, तेही दानच."

संध्याकाळी महाराजांनी पुस्तक आणून दिलं. चौदाव्या प्रकरणाच्या शेवटी खुणेला जुडी बांधायची सुतळी होती. सुतळी काढून घेऊन भैय्याजींनी पुस्तक वाचनालयात जमा केलं.

दुसऱ्या दिवशी बाया वेळेआधीच जमल्या. "लावा न भैय्याजी, पंधरावं!"

भैय्याजींनी फोन हातात घेतला आणि खिशात ठेवला.

"बाकीचं उद्या."

याला महिना झाला. शालू रोज विचारते. पंधरावं प्रकरण अजून ऐकायचं राहिलं आहे.