थकबाकी पिकेपर्यंत

समाज किती सुसंस्कृत आहे, हे त्यातल्या वकिलांचे उत्पन्न किती स्थिर आहे यावरून ठरते, असे माझे मत आहे. (मत चुकीचे असू शकेल; माझी बरीचशी असतात.) या कसोटीवर, अपघातात अपंग झालेल्या कामगारांचे दावे चालवणारे वकील फारच हलाखीत आहेत. अशिलाला दरमहा भत्ता मंजूर झाला, की अपघातापासून साठलेल्या थकबाकीचा तिसरा हिस्सा वकिलाला मिळतो. निकाल लांबला तर थकबाकी वाढते. लवकर लागला तर वकील बुडतो. एखाद्याचे पोट सरकारी दिरंगाईवर चालावे आणि सरकारने मध्येच कामाला लागावे, याहून मोठा अन्याय कोणता?

आमच्या गावातल्या सात रस्ता चौकातल्या अकरा वकिलांची मी पाहणी केली. नऊ जणांनी उत्पन्न बेभरवशाचे असल्याचे सांगितले. उरलेले दोघे भेटले नाहीत. त्यांचे निकाल नुकतेच लागल्यामुळे ते महाबळेश्वरला गेले होते.

ॲड. सिद्धलिंगप्पा यांच्यावर गेल्या वर्षी असाच प्रसंग ओढवला. यंत्रमागावर अपघात झालेल्या नागव्वाची पहिलीच तारीख होती, आणि अधिकारी (नवे होते) म्हणाले, "कागद पुरे आहेत. आजच मंजूर करतो."

वकीलसाहेबांनी प्रसंगावधान राखून वैद्यकीय फेरतपासणीचा अर्ज पुढे केला. अर्जातले कारण: अपंगत्व कमी धरले आहे.

"साहेब देतो म्हणायलेत की," नागव्वा हळूच म्हणाली. "देऊ द्या की वकीलसाहेब."

"आत्ता घेऊन काय मिळतंय? चार महिन्यांचं. जरा पिकू द्या."

"खोलीवाला निघ म्हणायलाय. भाडं लई थकलंय."

"नागव्वा, तुमची एक खोली. माझा तीन खोल्यांचा फ्लॅट हाय, बँक हप्त्याला थांबत न्हाय. मी रडायलोय का?"

युक्तिवाद बिनतोड होता. (मी शेजारच्या बाकावर होतो. मलाही पटला.)

अर्ज मान्य झाला आणि थकबाकी छान पिकू लागली. दरम्यान खोलीवाल्याने नागव्वाचे सामान बाहेर ठेवले. तपासणीची नोटीस जुन्या खोलीवर गेली, मोबाईलचा रिचार्ज संपलेला होता, आणि 'अर्जदार गैरहजर. स्वतःच्या अपंगत्वाबाबत गंभीर नाही' असा शेरा मारून दावा फेटाळण्यात आला.

वकीलसाहेबांचे त्या दाव्यातले उत्पन्न एका दिवसात शून्यावर आले. फ्लॅटचे हप्ते चुकले. वकील मंडळींनी सभा घेऊन त्यांच्याविषयी सहानुभूतीचा ठराव केला. नंतर चहा झाला. ठरावाची एक प्रत माहितीसाठी नागव्वालाही पाठवली. त्या पत्त्यावर कुणी राहत नाही, म्हणून ती प्रत परत आली.

इथवर वाचत आलेल्या वाचकांचा मी आभारी आहे. यंत्रमागात नागव्वाचे नेमके काय गेले, हे लिहायचे माझ्याकडून राहूनच गेले. पण त्यावाचून कुणाचे अडलेले दिसले नाही.