सिंधूला लातूरला सुखरूप नेण्याची व्यवस्था

गरोदर बाईनं प्रवास कसा करावा, हा विषय ती बाई सोडून बाकी सगळ्यांना उत्तम कळतो. मुखेडच्या अण्णारावांच्या घरात तर तो पाळण्यातच कळायचा. थोरल्या सुनेला, सिंधूला, दिवस गेले तशा घरातल्या नऊ माणसांनी मिळून चौदा सूचना काढल्या. त्यातल्या सहा एकमेकींच्या विरुद्ध होत्या. (दोन्हीकडच्या पाळायच्या ठरल्या.)

बाळंतपण लातूरला करायचं, हे अण्णारावांनी आधीच ठरवलं होतं. कारण शास्त्रीय होतं. लातूरची पोरं बोर्डात येतात. ती लातूरला राहतात म्हणून येतात. मग जे लातूरला जन्मेल ते किती पुढं जाईल? "दाखल्यावर लातूर पायजे," ते म्हणाले. "पुढचं पुढं बघू." त्यांची बहीण तारामती लातूरला बारावीच्या पोरांची मेस चालवायची. तिच्या घराला स्लॅब होता, आणि भूकंपाला पाच वर्षं झाली तरी पोटुशी बाई स्लॅबखाली निजवायची नाही, हे पक्कं होतं. म्हणून सिंधूची सोय पत्र्याच्या खोलीत केली. भिंतीपलीकडं फिजिक्सचा क्लास. ऐकू स्पष्ट यायचं. (हा फायदा भाड्यात धरला नव्हता.)

सिंधूचं म्हणणं साधं होतं. सरकारी दवाखाना गच्चीवरून दिसतो. इथंच होऊ द्यावं, आणि देवणीहून आईला बोलावून घ्यावं. त्याची नोंद घेण्यात आली.

दवाखान्यातली पुनम सिस्टर म्हणाली, "न्यायचं तर सातव्यात न्या. शेवटी शेवटी बसची दगदग नको." पण सातव्यात सोयाबीनची रास होती, कुणाला सवड नव्हती. आठव्यात पोटुशीनं वेस ओलांडायची नाही, ही घराण्याची रीत. उरला नववा. अशा रीतीनं सिस्टरचा सल्ला आणि घराण्याची रीत दोन्हींचा मान राखून, सगळ्यात अवघडलेला महिना प्रवासाला काढला.

एस्टीत खिडकीची जागा धरली. शेजारी अण्णाराव, मागं नवरा दयानंद, त्याच्या मांडीवर सूचनांचा कागद. वाटेत गाडी थांबवावी लागू नये म्हणून सिंधूला पाणी द्यायचं नव्हतं; जीव सुकू नये म्हणून घोटघोट द्यायचं होतं. दयानंद दोन्ही पाळत होता. तांब्या पुढं करायचा आणि मागं घ्यायचा.

जांबच्या पुढं रस्ता उखडलेला. सिंधूनं दोन्ही हात पोटाखाली धरले, जसं कुणी ओटीत पाखरू धरावं, आणि आईची जात्यावरची ओवी ओठातल्या ओठात म्हणत राहिली :

हळू हाक गाडी, दादा, वाट खाचखळग्याची,
माझ्या पोटात निजली झोप नऊ महिन्यांची.

ती झोप एका मोठ्या खड्ड्यात मोडली. सिंधूच्या तोंडून हुंकार फुटला. दयानंदनं कागद पाहिला. कळांबद्दल चौदांपैकी एकही सूचना नव्हती.

"दम धर," अण्णाराव म्हणाले. "दोन तासात लातूर."

पलीकडच्या शीटवर अमीरबी बसल्या होत्या, बांगड्यांची पेटी पायाशी घेऊन. सहा लेकरांची आई. "अण्णा," त्या म्हणाल्या, "लेकरू काय एस्टी हाय का, टायमावर सोडायला? ओ कंडक्टर! गाडी रोक रे बाबा!"

कंडक्टर अकरमनं बाहेर बघितलं. "म्होरं फाट्यावर उपकेंद्र हाय, मौसी. नर्सबाई तिथंच ऱ्हातात."

"त्या गावात?" अण्णाराव उभेच राहिले. "तिथं चौथीच्या पुढं शाळा न्हाई! दाखल्यावर काय नाव लागंल ते?"

गाडीत दोन तट पडले. मागच्या बाकांचं मत उतरवावं असं पडलं. पुढच्यांपैकी तिघांची पोरं लातूरला शिकत होती. त्यांना अण्णारावांचा मुद्दा विचार करण्याजोगा वाटला. एकानं चाकूरचा मध्यम मार्ग सुचवला. चर्चा अत्यंत जबाबदारीनं चालली, आणि फाटा जवळ येऊन मागं पडू लागला.

तेव्हा सिंधूनं सासऱ्यांसमोर पहिल्यांदा आवाज चढवला. "गाडी थांबवा. पोट माझं हाय."

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. अमीरबींनी एका हातानं तिला सावरलं, दुसऱ्यानं आपली चादर ओढून घेतली. दयानंदनं कागद टाकला आणि तिला उचललं.

पाऊण तासानं उपकेंद्रातून रडण्याचा आवाज आला. बाहेर त्रेचाळीस प्रवासी ताटकळत होते. नर्सबाई दारात आल्या तसा सगळ्यांनी एकदम एकच प्रश्न विचारला. बाईंनी उत्तर दिलं. कुणी टोपी उडवली, कुणी मान हलवली. अण्णारावांनी आणखी एक विचारलं : दाखल्यावर गावाच्या नावाचं काही करता येईल का?

नर्सबाई तरीही दार धरून उभ्या राहिल्या. अजून एक प्रश्न येईल असं त्यांना वाटलं. आला नाही. मग त्या आत सिंधूकडं गेल्या.

सुजाण वाचकांनी स्वतःला या त्रेचाळिसांत धरू नये. वाचकांनी फक्त वरच्या चार ओळी पुन्हा चाळल्या, आणि मुलगा की मुलगी, ते कुठं लिहिलंय, एवढंच शोधलं.