साखर केसरी आणि बाळाबाईंचं बोट

मधुमेह हा एकट्याने सोसायचा आजार नाही, तो चारचौघांत मिरवायचा आजार आहे. डॉक्टर गोळी देतात, पण गोळी घेतल्यावर टाळ्या कोणी वाजवत नाही. ही उणीव ओळखून शाहूपुरीतल्या आम्ही चौसष्ट जणांनी 'मधुमेह मित्र मंडळ' काढले. सयाजीराव अध्यक्ष आणि मी, पार्श्वनाथ, चिटणीस, अशी बिनविरोध निवड झाली. (विरोध करणारे दोघे त्या दिवशी लग्नाला गेले होते.)

मंडळाचा सगळा कारभार 'गोडसोबत' नावाच्या मोबाईल ॲपवर चालतो. रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचे, साखर मोजायची आणि यंत्रावरच्या आकड्याचा फोटो ॲपवर टाकायचा. आकडा एकशे तीसच्या आत असला तर हिरवा दिवा लागतो आणि टाळ्या वाजतात. वर गेला की लाल दिवा लागतो आणि ही बातमी चौसष्ट जणांना एकाच वेळी पोचते. याला सामाजिक आधार म्हणतात. लाल दिव्याच्या धन्याला दुपारपर्यंत "मर्दा, काल कुठं हादडलंस?" असे चाळीसेक आधार मिळतात आणि संध्याकाळी कोणीतरी घरी येऊन कारली देऊन जाते.

पण नुसत्या टाळ्यांवर कोल्हापूरचा माणूस हलत नाही. त्याला कुस्ती लागते. म्हणून सलग नव्वद हिरवे दिवे लावणाऱ्यास 'साखर केसरी' हा किताब, फेटा आणि हुपरीहून घडवून आणलेली चांदीच्या मुलाम्याची गदा द्यायचे ठरले. घोषणेनंतर पंधरा दिवसांत मंडळाची सरासरी साखर एकशे नव्वदवरून एकशे चारवर आली. वैद्यकशास्त्रात याला तोड नसावी. त्याच पंधरवड्यात पेठेतला जिलेबीचा खप जराही घटला नाही, याचे श्रेय आम्ही परगावच्या गिऱ्हाइकांना दिले.

सर्वांत पुढे होते आकाराम. वय एकसष्ट, डेअरीतून निवृत्त, मधुमेह अकरा वर्षांचा. रोजचा आकडा अठ्ठ्याण्णव, फार तर शंभर. पंगतीत बासुंदीच्या तीन वाट्या रिचवणाऱ्या माणसाचा हा संयम पाहून मला भरून येई. त्यांची दिनचर्या इतरांपुढे आदर्श म्हणून ठेवावी, या हेतूने मी एका सकाळी त्यांच्याकडे अधिकृत गृहभेट दिली.

त्यांच्या पत्नी बाळाबाई आत भाकरी थापत होत्या. आकाराम यंत्र मांडून सोफ्यावर बसले होते.

"अगं ए, बोट आण की!" त्यांनी हाक दिली.

बाळाबाई आल्या. पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी बोट पुढे केले, टोचून घेतले आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत परत गेल्या. यंत्राने सत्त्याण्णव दाखवले. आकारामांनी फोटो टाकला. टाळ्या वाजल्या.

"आकाराम, हे बोट..." मी म्हणालो.

"घरचंच हाय की," ते म्हणाले. "भाईरचं कुणाचं न्हाय."

युक्तिवाद बिनतोड होता. नवरा-बायको सुखदुःखाचे वाटेकरी असतात, तर रक्तातच दुजाभाव कशाला? पुढे मी खासगीत चौकशी केली. चौसष्टपैकी एकेचाळीस बोटे पत्नीची, नऊ सुनेची आणि दोन पाहुणचाराला आलेल्या जावयांची निघाली. नऊ जणांनी विषय बदलला. (उरलेले तिघे स्वतःचे बोट वापरत. ते वारंवार लाल होत असल्याने त्यांना शिस्तभंगाची नोटीस आधीच गेली होती.) चिटणीस कोणाचे बोट वापरतो हा इथला विषय नाही. माझी सून दीपा हे वाचणार आहे.

साठाव्या दिवसानंतर आकारामांचा आकडा चढू लागला. एकशे दहा, एकशे सतरा, एकशे सव्वीस. ऐंशीव्या दिवशी एकशे अठ्ठ्याहत्तर, आणि लाल दिवा. मंडळाने तातडीने तो लाल दिवा मोजणीतून बाद ठरवला आणि आधारकार्य हाती घेतले. तीन दिवसांत एकवीस सभासद आकारामांच्या घरी गेले. त्यांची पाठ थोपटली, त्यांना रंकाळ्यावर फिरवून आणले, त्यांच्यासाठी जोतिबाला नवस बोलले. एकवीस जणांचा चहा बाळाबाईंनी केला. (पैकी बिनसाखरेचे तीन.)

चहा करता करता त्या तांब्याने पाणी पीत होत्या.

"सारखी तहान लागतीया बघा," त्या मला म्हणाल्या. "आन् पाय नुस्तं गळून जात्यात. महिना झाला."

मी त्यांना विश्रांती घ्यायला सांगितले आणि चहात आले थोडे जास्त घाला म्हणालो.

चौथ्या दिवशी मंडळाच्या मानद सल्लागार डॉ. प्रियदर्शनी आल्या. त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी आकारामांचे बोट टोचले. तीनशे अठरा. मग बाळाबाईंचे टोचले. दोनशे एकतीस.

"चढत होता तो आकडा वहिनींचा होता," डॉक्टर म्हणाल्या. "यांना उद्याच्या उद्या दवाखान्यात आणा. ॲप रोज ओरडून सांगत होतं, आणि तुम्ही एकवीस जण भलत्याच माणसाची पाठ थोपटून गेलात!"

मला लाज वाटली, हे मी इथे मान्य करतो. पण लाज ही वैयक्तिक बाब आहे आणि मी चिटणीस आहे. त्याच संध्याकाळी तातडीची सभा झाली. बाळाबाई सभासद नाहीत. सभासदत्वाला ॲप लागते, ॲपला मोठा मोबाईल लागतो आणि बाळाबाईंचा बटणांचा आहे. ॲपवर नोंद नाही म्हणजे आजार नाही. सबब, त्यांच्याबद्दल सहानुभूतीचा ठराव एकमताने झाला. डॉक्टरांचे आभार मानून त्यांना सल्लागारपदातून मुक्त करण्यात आले. राहता राहिले आकाराम. तो पेच सयाजीरावांनी एका वाक्यात सोडवला.

"बोट बदल की मर्दा, त्यात काय एवढं!"

आकारामांची सून मोना हिचे बोट ब्याण्णव निघाले.

नव्वदाव्या दिवशी हलगीच्या कडकडाटात आकारामांना फेटा बांधला, गदा खांद्यावर दिली. बाळाबाईंचाही खण-नारळाने सत्कार झाला आणि अध्यक्षांनी स्वहस्ते त्यांना पेढा भरवला. दुसराही भरवला. त्यांनी खाल्ला. अशा वेळी नको म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

"दवाखान्यात गेला होता का?" मी हळूच विचारले.

"ह्यांचं एकदा हुंदे म्हटलं, मग बघू," त्या म्हणाल्या आणि पाणी कुठे आहे ते शोधू लागल्या.

याला आता पाच महिने झाले. गदा आकारामांच्या कपाटावर आहे. बाळाबाईंच्या पायाला जखम झाली आहे, ती भरत नाही. पण भाकरी बसूनही थापता येते.

मंडळाची नवी सभासद नोंदणी सुरू आहे. अर्जासोबत मोबाईल क्रमांक, दोन फोटो आणि घरातल्या एका ठणठणीत माणसाचे बोट लागेल. ठणठणीत म्हणजे ज्याची तपासणी आजवर कोणी केलेली नाही. असे एक माणूस घरोघरी असते. तुम्हाला नाव आठवलेसुद्धा. जागचे उठू नका, नुसती हाक मारा. हात पुसत येईल.