नवी सातबारी निवडिली त्याची बखर

श्री शस्त्रदेवता साक्ष, श्री ग्रामदेवता राजी. आपण कृपावंत होऊन पुसिले की, संस्थानची थोरली सातबारी बंदूक निकामी जाहली, तिजऐवजी तैशीच हुबेहूब दुसरी कैसी निवडिली, त्यात कोणाची सरशी जाहली आणि कोणाची फजिती. तर जे डोळ्यांनी पाहिले ते सर्व लिहितो, आणि जे पाहिले नाही तेही लिहितो, परंतु थोडे.

शके अठराशे बावन्न, प्रमोदनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध पक्ष, गौरी नुकत्याच बोळवल्या होत्या. संस्थानचे नाव लिहीत नाही, कारण संस्थान लहान आणि अब्रू मोठी. तेथील शिरस्ता ऐसा की, दसऱ्यास श्रीमंतांची स्वारी सीमेवरील ओढ्याकाठी जावी, आणि पैलतीरी शेजारच्या संस्थानची स्वारी यावी, मग दोन्हीकडून एकेका बंदुकीतून सात सात बार न थांबता टाकावे. गोळी नाही, केवळ आवाज. ज्यांचे सात बार अखंड पडतील तयांनी ओढ्यातील खडकावरच्या आपट्याचे पान आधी तोडावे, आणि दोघांचेही अखंड पडले तर दोघांनी मिळून तोडावे. या कामी आमची थोरली, म्हणजे श्रीमंतांच्या आजोबांनी आणलेली विलायती बंदूक, सात काडतुसे पोटात घेत असे आणि खालची लोखंडी कडी ओढून मिटली की रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे पुढे सारीत असे. साठ वर्षे तिने कधी मान खाली घालविली नाही. परंतु गत साली चौथ्या बारास तिची नळी तडकली आणि ती थांबली, आणि पैलतीरी ऐसा हशा पिकला की बैल बुजले. तेव्हापासून शेजारच्या बाजारात आमचा माणूस गेला की वाणी म्हणे, "या चारबारी, काय देऊ?" शिलेखान्याचे, म्हणजे शस्त्रकोठाराचे, दारोगे दस्तगीर शिकलगार. तयांच्या आजोबांपासून शिलेखान्याच्या किल्ल्या त्याच घरात. नळी थकली ऐसे दस्तगीर तीन वर्षे अर्ज करून सांगत होते, ते कोणी वाचिले नव्हते, तरी ठपका तयांवरच आला. आणि श्रीमंत बोलिले की, "यंदा सात बार अखंड न पडले तर किल्ल्या दिवाणांच्या जावयाकडे द्याव्या." जावयांनी किल्ल्या अडकविण्यास चांदीची साखळीही करवून घेतली. दस्तगीर घरी जाऊन दोन दिवस जेवले नाहीत.

मग मेघजीशेठ नामे व्यापारी तीन पेट्या घेऊन दाखल जाहले. थोरलीची बनावट मूळ कारखान्याने कधीच बंद केली होती, परंतु जुन्या हत्यारांच्या हौशी लोकांसाठी निरनिराळे कारखानदार तिच्या नकला करीत, त्यातल्या तीन शेठजींनी मिळविल्या आणि दरबारात गालिच्यावर मांडिल्या. पहिली चांदीच्या नक्षीची, दस्त्यावर हत्ती, हत्तीवर अंबारी, आणि अंबारीत कोण बसले तेही दिसे. दुसरी साधी, परंतु घडणीला ऐसी नेटकी की कडी ओढिली तर लोण्यातून सुरी फिरावी तैसी फिरे. शेठजी म्हणाले, "मूळ बंदुकीत जी म्हणून ढिलाई होती ती या कारखानदाराने सारी काढून टाकली, सरकार. फटीत केस जाणार नाही." तिसरी काळी, बोजड, आणि हलविली तर आतून खडखड वाजे. दिवाण तात्यासाहेब हसून बोलिले, "ही बंदूक आहे की बारशाचा खुळखुळा?" आणि सर्व दरबार हसला, मीही हसलो, कारण दिवाण हसले की दफ्तरातील माणसाने हसावे ऐसी चाल आहे.

श्रीमंतांनी तिन्ही उडवून पाहिल्या. तिन्हींनी सात सात बार चोख टाकिले. श्रीमंतांचे मन दुसरीवर बसले आणि ती मांडीवर घेऊन तयांनी दस्तगीरांस पुसिले, "कोणती घ्यावी?" दस्तगीरांनी तिन्ही उघडून आत डोळा लाविला, करंगळी फिरविली, वास घेतला, आणि म्हणाले, "खडखडती घ्यावी, सरकार. हिचा करणारा थोरली खोलून बसलेला दिसतोय. जिथं मोकळं होतं तिथं मोकळं ठेवलंय." श्रीमंत बोलिले, "मोकळे म्हणजे ढिले. ढिले का घ्यावे? कारण सांगा." दस्तगीरांस कारण ठाऊक होते, परंतु सांगावे कैसे? खंडेनवमीस शस्त्रांची पूजा होते, आणि आमचे उपाध्ये गुंडंभट सढळ हाताचे. हळद पसाभर, कुंकू पसाभर, अक्षता अर्धा शेर, वरून पंचामृत, वरून झेंडू. तीस वर्षे एकादशीस दस्तगीर बंदूक उघडीत आणि तिच्या पोटातून निघालेल्या तांदळावर कोंबडी दोन दिवस जगे. परंतु पूजेने बंदूक अडते ऐसे दरबारात म्हणावे तर पूजेस बोल लाविला ऐसे होईल, आणि मुसलमान शिकलगाराने म्हटले म्हणून दुप्पट होईल, हे भय. मग दस्तगीर इतकेच म्हणाले, "सरकार, सून जशी नांदवायची तशी आधी नांदवून बघा. नवमीला जे जे करता ते तिन्हींवर करा, आणि दुसऱ्या दिवशी उडवा."

हे ऐकून गुंडंभट उठले. "भाद्रपदात खंडेनवमी? शास्त्रात आधार नाही." दस्तगीर अदबीने म्हणाले, "मंत्र नवमीलाच म्हणा, भटजी. आज हळद, कुंकू, तांदूळ नि पंचामृत तेवढं टाका. तुमचा हात जसा हाय तसाच चालवा, कमी करू नका." आपल्या हाताची तारीफ जाहली ऐसे वाटून गुंडंभट खूष जाहले आणि तिन्ही बंदुकांस ऐसे माखिले की कोणती चांदीची आणि कोणती काळी हे कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व मंडळी परेडीच्या माळावर गेली. चांदीवाली उचलली तो पंचामृतातल्या साखरेने तिची कडी चिकटली होती, ती दोघांनी ओढिली तरी हलली नाही, अंबारीस मुंग्या लागल्या. नेटकीने दोन बार झकास टाकिले आणि तिसऱ्यास कडी अर्ध्यात थांबली. दस्तगीरांनी आत चिमटा घालून अक्षतेचा एक दाणा काढिला आणि श्रीमंतांच्या तळहातावर ठेविला. मग खडखडती घेतली. तिने पहिल्या बारास कुंकू उडविले, दुसऱ्यास हळद, तिसऱ्यापासून तांदूळ, आणि सातव्यापर्यंत कोठे अडली नाही. जावईबापू बाजूस उभे होते, तयांवर ऐशा अक्षता पडल्या की तयांचे दुसरे लग्न लागले ऐसे वाटावे. श्रीमंत पोट धरून हसले आणि बोलिले, "हीच घ्यावी." गुंडंभट मात्र दाण्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "दस्तगीरभाई, तीस वर्षे सांगायचे होते." दस्तगीर म्हणाले, "तुमचा हात मोठा, भटजी. मन बी मोठं असंल हे मला कुठं म्हाईत?"

मग शेठजींनी उरल्या पेट्या बांधिल्या आणि तेथूनच सीमा ओलांडून नेटकी बंदूक शेजारच्या संस्थानास विकिली. तयांची जुनी बंदूकही थकली होती, आणि खंडेनवमीच्या अक्षता तिकडेही पडत. व्यापाऱ्याने काय करावे, तो व्यापार करितो.

दसरा आला. नवमीस पूजा यथासांग जाहली, गुंडंभटांनी हात आखडला नाही. ओढ्याकाठी दोन्ही स्वाऱ्या उभ्या राहिल्या. बार मोजण्याचे काम दोन्ही दरबारांच्या संमतीने मजकडे होते, कारण मजवर दोघांचाही सारखाच अविश्वास. दस्तगीरांनी खडखडती खांद्यास लाविली. तयांचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवाही पडला तेव्हा आमच्या लोकांनी जो श्वास सोडिला तो मला ऐकू आला. सहा, सात. बायकांनी पदर डोळ्यांस लाविले, दिवाणांच्या जावयांनी साखळी खिशात घातली, आणि श्रीमंतांनी पालखीतून हात वर केला.

पैलतीरी तयांचे दारोगे बसाप्पा ती नेटकी घेऊन पुढे आले. एक बार, दोन बार, आणि तिसऱ्यास कडी अर्ध्यात थांबली. बसाप्पांनी ओढिली, ठोकिली, पुन्हा ओढिली. आमच्या तीरावर हशा पिकला आणि कोणी ओरडला, "दोनबारी." बसाप्पा बंदूक हातात धरून उभे राहिले, मान खाली. दस्तगीर हसले नाहीत. तयांनी काडतुसांचा पट्टा गळ्यात टाकिला, खडखडती उचलिली, आणि कोणास न पुसता ओढ्यात उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत होते. दरबारची बंदूक दुसऱ्या दरबारच्या हाती द्यावी यास शिक्षा काय ते सर्वांस ठाऊक होते, आणि म्हणून हशा थांबला. पलीकडे जाऊन दस्तगीरांनी काडतुसे भरून ती बसाप्पांच्या हाती दिली आणि म्हणाले, "धर. पाच भरल्यात. कडी जोरात ओढ, भिऊ नको, ही ऐकती." बसाप्पांनी कडी जोरात ओढिली, आणि पाच बार पडले, कुंकवासकट.

दस्तगीर ओलेत्याने परत आले आणि श्रीमंतांपुढे उभे राहिले, कंबरेच्या किल्ल्या सोडून हातात घेतल्या. दिवाण तापून बोलिले, "सरकार, ही फितुरी आहे. आणि उसन्या बंदुकीचे बार धरू नयेत." श्रीमंत बोलिले, "दस्तगीर, कोणाच्या हुकुमाने गेलात?" दस्तगीर म्हणाले, "हुकूम न्हवता, सरकार. गेल्या साली चौथ्या बाराला मी असाच उभा होतो. पलीकडनं कुणी आलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच डोक्यात आलं." श्रीमंतांनी तयांच्या हातातील किल्ल्यांकडे पाहिले. मग मजकडे वळून पुसिले, "मोजणी काय?" मी म्हणालो, "सरकार, आमचे सात. तयांचे सात." दिवाण गरजले, "अखंड की खंडित ते सांग." आणि माझी नोकरी बावीस वर्षांची, घरी पाच तोंडे, आणि समोर दस्तगीर ओल्या धोतराने उभे. मी म्हणालो, "कानांत बोटे घालून मोजीत होतो, सरकार. बार ऐकू आले. मधले थांबणे ऐकू आले नाही."

श्रीमंत हसले, आणि दस्तगीरांस बोलिले, "किल्ल्या कमरेस लावा, पाण्यात पडतील." मग दोन्ही पालख्या खडकास लागल्या आणि दोन्ही स्वामींनी एकाच फांदीचे पान मिळून तोडिले.

येणेप्रमाणे सातबारीचे प्रकरण सिद्धीस गेले. नकला तीन आल्या, एक घेतली, ती आजही शिलेखान्यात खडखडत आहे, आणि दर दसऱ्यास चौदा बार टाकिते. लिहिणाराने खोटी मोजणी एकदाच केली ती हीच. तिचा पश्चात्ताप नाही.