खैऱ्याचा अधिकृत नमुना

शत्रूला रोखायचं तर आधी त्याची ओळख पटली पाहिजे. एवढं साधं सत्य झाडांना कळत नाही, म्हणून ती आजारी पडतात. माणसांना कळतं, म्हणून ती समिती नेमतात.

१९८४च्या श्रावणात तिगावकडच्या एका बागेत कागदी लिंबांवर खैऱ्या पडल्याची बातमी रामाकोन्यात पोचली आणि दुसऱ्याच दिवशी खैऱ्या प्रतिबंधक समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी पुंडलिकराव एकमतानं निवडून आले, कारण त्यांची बावीस लिंबं निरोगी होती आणि त्यांच्या घरी आठ खुर्च्या होत्या. झाडांवर त्यांचा जीव होता. त्यातलं विहिरीजवळचं झाड त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, लग्नाच्या वर्षी लावलेलं. ते गेलं तर घरातलं माणूस गेल्यासारखं होईल, असं पुंडलिकरावांना मनापासून वाटे. अध्यक्षपद त्यांनी त्या झाडासाठीच घेतलं (खुर्चीसाठी नव्हे, खुर्च्या त्यांच्याच होत्या).

खैऱ्या हा जंतूचा रोग. झाडाची स्वतःची तटबंदी असते. पानावर मेणाचा थर असतो, शिवाय आत घुसलेल्याला ओळखून जागच्या जागी कोंडण्याची व्यवस्था असते (समिती नसताना हे कसं चालतं, कोण जाणे). पण जंतू तट फोडत बसत नाही. पान ज्या बारीक तोंडांनी श्वास घेतं, तिथूनच तो पाण्याच्या थेंबाबरोबर आत शिरतो. मग पहारेकऱ्यांना गप्प करतो आणि पेशींना असे हुकूम सोडतो, की त्या ते घरचेच समजून पाळतात. पेशी फुगतात, पानावर खरबरीत फोड येतात, फोड फुटतात आणि नवे जंतू बाहेर पडतात. झाड मोठ्या शिस्तीत शत्रूचंच काम करत राहतं. सौंसरहून आलेल्या शेतीखात्याच्या माणसानं हे समजावलं, तेव्हा पुंडलिकराव हळहळले.

"झाडाले अक्कल नाही ना, साहेब. कोनाले इचारत नाही."

समितीनं केलेला बंदोबस्त असा:

१. प्रत्येक बागेच्या फाटकाशी फिनाइलची बादली. पाय बुडवल्याशिवाय प्रवेश नाही. (फिनाइल पांढुर्ण्याच्या बाजारातलं.)

२. परक्या माणसाला मनाई. (सासुरवाडीच्या मंडळींबाबतचा निर्णय राखून ठेवला.)

३. समितीच्या माणसांना लाल बिल्ला. बिल्लेवाल्यांना वरील कलमं लागू नाहीत.

४. रोग ओळखता यावा म्हणून तिगावहून खैऱ्याची अस्सल डहाळी आणून प्रत्येक बागेत दाखवावी.

चौथं कलम स्वतः पुंडलिकरावांचं. उत्तम नावाचा समितीचा शिपाई ती डहाळी घेऊन सायकलनं थेट मोहगावपर्यंत फिरला. ती वाळू नये म्हणून ओल्या फडक्यात बांधली होती आणि फडक्यावर समितीचा शिक्का होता. नुसतं पाहून कोणाचं समाधान होईना. लुगड्यावर खण जुळवून पाहावा, तसा जो तो रोगट पान आपल्या झाडाच्या पावसानं भिजलेल्या पानाला लावून, घासून पाही, आणि "आपल्याकडे असं नाही बाप्पा" म्हणून सुटकेचा निःश्वास टाकी. पाहणी केलेल्या बागा एकवीस, रोगमुक्त एकवीस.

शेवटी डहाळी अध्यक्षांच्या बागेत आली. पंचफुलाबाई विहिरीवर पाणी काढत होत्या.

"अवो, पाव्हण्याले पाय बुडवाले लावता, अन् रोगाले फडक्यात गुंडाळून घरात आणून राहिले?"

"रोग नाही तो, नमुना हाय. शिक्का हाय त्याच्यावर."

"जंतूले वाचता येते का शिक्का?"

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यानं नोंदवला गेला नाही. पुंडलिकरावांनी विहिरीजवळच्या झाडाचं एक कोवळं पान हातात धरलं, त्यावर नमुना नीट दाबला आणि म्हणाले, "पाह्य, कुठं हाय सारखं?"

तीन आठवड्यांनी ते सारखं झालं. अध्यक्षांची धरून बावीसपैकी वीस बागांत खैऱ्या आला. अहवालात समाधानाची बाब म्हणून नमूद आहे, की वीसही जणांनी रोग पहिल्या नजरेत ओळखला.

फांद्या छाटून भागेना, तेव्हा विहिरीजवळचं झाड तोडून जाळायचं ठरलं. पुंडलिकरावांनी कुऱ्हाड दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. ते लहान मुलासारखे रडले. पंचफुलाबाईंनी त्यांच्या सदऱ्यावरचा लाल बिल्ला काढला आणि जाळात टाकला.

सदर हकिगत जनहितार्थ प्रसृत करताना, वाचकांना रोगाची ओळख पटावी म्हणून प्रत्येक प्रतीला एक अस्सल पान टाचलं आहे. तुमच्या प्रतीला नुसती टाचणीच असेल, तर तुमच्या आधीच्या वाचकानं ही हकिगत शेवटपर्यंत वाचली, पुंडलिकरावांना पोट धरून हसला, आणि पान आपल्या परसातल्या लिंबाला जुळवून पाहायला घेऊन गेला. पान अजून जागेवर असेल, तर त्याच्या परसात लिंबू नव्हतं, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. तुमच्या परसात आहे का?